दुधी सोडून काहीही

ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतात, हे योहानेस केप्लरने शोधून काढलं. दुसरं लग्न कुणाशी करावं, हे शोधायला मात्र त्याला दोन वर्षं लागली. पहिली बायको बार्बरा १६११ साली वारली. घरात लहान मुलं, समाजात नाव, राजगणिती अशी पदवी आणि पगार कायम थकलेला. तरी स्थळं येऊ लागली. एक-दोन नव्हे, अकरा.

ही सगळी हकीकत त्याने एका उमरावाला लांबलचक पत्र लिहून कळवली, म्हणून चारशे वर्षांनी आपल्याला तिच्यात नाक खुपसता येतं. पहिल्या बाईच्या तोंडाला वास येत होता. चौथी उंचनिंच, अंगापिंडाने भक्कम. तिच्याशी जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात पाचवी समोर आली. नाव सुझाना. आईबाप नाहीत, हुंडा नाही, पण केप्लरच्या मनात भरली. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मग मित्रमंडळी कशासाठी असतात? ती म्हणाली, अरे, एवढा मोठा माणूस तू, घाई कसली, जरा बरं घराणं बघ. केप्लरने बघितलं. सहावी बघितली, सातवी बघितली, करत करत अकरावीपर्यंत गेला. आणि शेवटी फिरून पाचवीच्याच दारात. १६१३ साली लग्न लागलं. लग्नाच्या निमित्ताने घरी आलेल्या दारूच्या पिंपांचं माप व्यापारी नुसती काठी घालून कसं काढतो, हे बघून नवरदेवाचं डोकं चालायला लागलं आणि १६१५ साली त्याने पिंपांच्या घनफळावर अख्खं पुस्तक छापलं. स्थळं बघण्यातून मोकळा झालेला मेंदू काय करू शकतो, बघा.

गणितज्ञांनी ह्या पेचाचं पुढे सूत्रच करून टाकलं. १९६० साली मार्टिन गार्डनर ह्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात ह्याच जातीचं कोडं घातलं आणि ते जगभर गेलं. सूत्र असं: जेवढी स्थळं येणार असतील, त्यांतली पहिली साधारण ३७ टक्के नुसती बघायची. पोहे खायचे, चहा प्यायचा, ‘कळवतो’ म्हणून उठायचं. त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस असं जे पहिलं स्थळ येईल, तिथे डोळे मिटून हो म्हणायचं. अकराचे ३७ टक्के म्हणजे चार. चारांनंतरची पहिली सरस म्हणजे पाचवी. सुझानाच! केप्लरला सूत्र ठाऊक नव्हतं, म्हणून सहा घरचा पाहुणचार जास्तीचा झाला. आणि ह्या सूत्रातली खरी मेख पुढेच आहे. ते तंतोतंत पाळलं, तरी सर्वोत्तम स्थळ हाती लागण्याची शक्यता पुन्हा साधारण ३७ टक्केच. म्हणजे सगळ्यात शहाणा माणूससुद्धा तीनांतल्या जवळजवळ दोन वेळा हुकतो. मग बाकीच्यांनी कशाला जीव काढायचा?

केप्लर पोटासाठी पत्रिकाही करून द्यायचा, पण आपल्याकडचं गुणमेलन त्याच्या कानावर गेलं नसावं. छत्तीस गुण, त्यांतले अठरा जुळले की पुरे. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या अठराला मी हात जोडतो. पन्नास टक्क्यांना पास! कुणातरी व्यवहारी माणसाने ओळखलं होतं, की छत्तीसच्या छत्तीस मागत बसलं तर वधू आणि वर दोघंही पेन्शनीत निघतील. आता गुण अजून अठराच लागतात, पण मुलाचं पॅकेज, मुलीचं पॅकेज, स्वतःचा फ्लॅट, त्याचं कर्ज फिटलेलं, सासूसासरे असावेत पण गावाला, ह्या रकान्यांना अठराची सवलत नाही. तिथे छत्तीसच हवेत, आणि विवाहसंस्थेच्या ॲपवर बोट वर सरकवलं की पुढचं स्थळ हजर असतंच.

ह्या अठराचं शास्त्र हर्बर्ट सायमन ह्या अमेरिकन गृहस्थाने मांडलं. १९५६ साली त्याने लिहिलं, की माणूस काही सगळे पर्याय समोर मांडून, तोलून, त्यांतला सर्वोत्तम उचलत नाही. तेवढा वेळ कुणाकडे नसतो आणि तेवढी अक्कलही नसते. माणूस मनाशी एक रेघ ओढतो आणि त्या रेघेच्या वर जे पहिलं येईल ते घेऊन घरी जातो. अर्थशास्त्रज्ञांना हे फार लागलं, कारण त्यांच्या पुस्तकातला माणूस कांदे घेतानाही कलनशास्त्र वापरत असे. १९७८ साली सायमनला त्याच अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी १९७५ साली संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक मिळालं होतं. पिट्सबर्गमध्ये तो चाळीसहून जास्त वर्षं एकाच घरात राहिला. ब्रोकर, डिपॉझिट, ‘ह्याच्यापेक्षा जरा हवेशीर काही आहे का’ ह्यांत आपलं जे आयुष्य जातं, ते त्याने वाचवलं आणि चार-पाच शास्त्रांत बिनभाड्याने राहिला.

तर जगात दोन जाती. एक अजूनवाले, दुसरे पुरेवाले. अजूनवाले म्हणजे साडीच्या दुकानात गादीवर डोंगर झाला तरी ‘ह्यातच जरा वेगळा काठ दाखवा ना’ म्हणणारे. पुरेवाले म्हणजे दुसरीच साडी उचलून काउंटरवर जाणारे, ज्यांच्याकडे दुकानदारही संशयाने बघतो. २००२ साली बॅरी श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जात ओळखायला तेरा प्रश्नांची फूटपट्टी केली. टीव्हीसमोर बसलं की चॅनेल बदलत राहता का, मित्राला द्यायची भेट निवडताना घाम फुटतो का, असल्या घरगुती चौकश्या. निघालं असं, की अजूनवाले सरासरीने कमी सुखी, कमी आशावादी आणि हळहळण्यात पुढे. आता ह्यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला, ते ह्या फूटपट्टीवरून कळत नाही. मुळात दुःखी माणूसच दुकानं पालथी घालत असेल. पण दोन्ही एकाच घरात मुक्कामाला असतात, एवढं खरं.

अजूनवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ते मूर्ख नाहीत. २००६ साली शीना अय्यंगार, रेचल वेल्स आणि श्वार्ट्झ ह्यांनी कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्या अमेरिकन मुलांचा माग ठेवला. अजूनवाल्या मुलांना सुरुवातीचा पगार वीस टक्क्यांनी जास्त मिळाला. वीस टक्के! हिंजवडीत वीस टक्क्यांसाठी माणूस तीन महिन्यांचा नोटीस पिरियड दातओठ खाऊन काढतो. आणि तरी हीच मुलं नोकरी शोधताना जास्त त्रासलेली आणि मिळालेल्या नोकरीवर कमी खूश. म्हणजे शोधाचं फळ मिळतं, खोटं नाही. फक्त ते खायची वेळ आली की हे गृहस्थ शेजारच्या झाडाकडे बघत असतात.

ह्या दुखण्याची साथ बघायची असेल तर जून ते ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या कुठल्याही दहावी-बारावीच्या घरात जा. अकरावीच्या अर्जात दहा कॉलेजांपर्यंत पसंती भरता येते. सरकारने त्यात एक शहाणपणाची अट घातली आहे: पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांचं दार बंद. स्वतःच्या हाताने एक नंबरला लिहिलंय, ते मिळालंय, तर ते तुम्हाला पसंत आहे असं आम्ही धरून चालतो, एवढंच सरकारचं म्हणणं. तर ह्यावर घराघरांत खलबतं. काका फोनवरून ओरडतात, “ते एक नंबरला टाकू नकोस रे, मिळून जाईल!” हवं ते मिळून जाईल ह्याची भीती वाटणारा प्राणी सृष्टीत दुसरा नसेल. पुढे इंजिनीअरिंगला बेटरमेंट नावाची सोय आहे. मिळालेली जागा हातात धरून ठेवायची आणि नजर वरच्या कॉलेजच्या कटऑफवर. ह्याला आता कॅप राऊंडसुद्धा लागत नाही. फेऱ्या संपतात, बेटरमेंट चालूच राहतं. आधी ब्रँच, मग प्लेसमेंट, मग एमएस, मग न्यू जर्सीतलं बरं स्कूल डिस्ट्रिक्ट. साठीला पोचलेला माणूस पुण्यात परतून कोथरूड बरं की बाणेर, ह्यावर यूट्यूब बघत असतो.

इथे कुणीतरी जॅमचा प्रयोग सांगणारच, म्हणून तो उरकून टाकू. कॅलिफोर्नियात एका भारी किराणा दुकानात अय्यंगार आणि मार्क लेपर ह्यांनी कधी चोवीस प्रकारचे जॅम मांडले, कधी सहाच. चोवीस बघायला गर्दी जास्त झाली. विकत मात्र तीन टक्क्यांनी घेतलं. सहा होते तेव्हा तीस टक्क्यांनी. हे २००० साली छापून आलं आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक कॉर्पोरेट व्याख्यात्याने त्या जॅमवर पोट भरलं. २०१० साली पन्नास अशा प्रयोगांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. कधी जास्त पर्यायांनी माणूस गांगरतो, कधी खुलतो. व्याख्याते अजून जॅमवरच आहेत. त्यांना पहिलाच प्रयोग पुरला, पुरेवाले म्हणतात ते हेच.

मला जॅमपेक्षा फोटोंचा प्रयोग आवडतो. हार्वर्डमध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट ह्यांनी विद्यार्थ्यांना फोटोग्राफी शिकवली. स्वतः काढलेल्या फोटोंतले दोन उत्तम छापायचे. एक आपल्याकडे ठेवायचा, एक देऊन टाकायचा. काहींना सांगितलं, एकदा निवडला की निवडला. काहींना सांगितलं, मन बदललं तर काही दिवसांत बदलून मिळेल. ज्यांना बदलायची मुभा होती, त्यांना आपला फोटो कमी आवडला. ज्यांचा मार्ग बंद होता, ते आपल्याच फोटोच्या प्रेमात. आणि वर कडी अशी, की कुठल्या गटात बसायचं असं विचारलं तर बहुतेकांनी बदलायची मुभा असलेला गट मागितला. स्वतःच्या पायावर धोंडा पाडायचाही पर्याय ठेवा, आणि तो बदलूनही द्या.

हे वाचल्यापासून मी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ह्या पाटीकडे नव्या नजरेने बघतो. ग्राहक आयोग ह्या पाटीवर नाराज असतात आणि ते रास्त आहे. फाटका माल दुकानदाराने परत घेतलाच पाहिजे. पण धडधाकट मालाच्या बाबतीत त्या पाटीने किती संसार वाचवले असतील! पैठणी घरी आणली, घडी मोडली, विषय संपला. शेजारीण म्हणाली ‘रंग जरा उठून नाही दिसत’ तर त्या शेजारणीचंच डोकं फिरलंय, असं घरात एकमताने ठरायचं. आता ऑनलाइन कुर्ता येतो आणि सात दिवस कपाटात टॅगसकट लोंबकळतो. तो धड आपला नसतो, धड दुकानदाराचा नसतो. रोज कपाट उघडलं की तो विचारतो, ‘ठरलं का?’ सातव्या दिवशी रात्री पिकअप लावला जातो आणि त्याच रात्री दुसरा मागवला जातो.

एकट्या माणसाचं हे, तर समितीचं काय? सी. नॉर्थकोट पार्किन्सनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात एक समिती रंगवली आहे. तिच्यापुढे अणुभट्टीचा विषय येतो आणि अडीच मिनिटांत मंजूर होतो, कारण अणुभट्टीतलं बहुतेकांना काही कळत नाही. सायकलींच्या शेडवर पाऊण तास जातो. बैठकीच्या कॉफीवर त्याहून जास्त. पार्किन्सन महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला कधी आला नसावा, तरी त्याला सगळं कळलं होतं. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावी लागते म्हणून २९ ला घेतलेली. हिशोबपत्रकं? ‘मंजूर, मंजूर.’ लेखापरीक्षक? ‘मागचेच.’ मग येतो फाटकाचा रंग. पावणेदोन तास. करडा की तपकिरी ह्यावर दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद होतं, आणि शेवटी ठराव होतो: विषय पुढील सभेपर्यंत तहकूब, तोवर शेड कार्ड मागवावे.

पुनर्विकासात हीच मंडळी उलट्या टोकाला जातात. एक बिल्डर येतो, बरा असतो. कुणीतरी म्हणतं, पलीकडच्या सोसायटीला कार्पेट एरिया जास्त मिळालाय. दुसरा बिल्डर येतो. तो जास्त देतो, पण कॉर्पस कमी. तिसरा येईपर्यंत चटईक्षेत्राचे नियम बदलतात, म्हणजे पहिल्यापासून. इमारतीला टेकू लागतात, स्लॅबचे पोपडे पडतात, दोन-चार सभासद सर्वोत्तम ऑफरची वाट बघत देवाघरी जातात आणि त्यांच्या वारसांना आणखी चांगली ऑफर हवी असते.

ह्यावर कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांनी फार पूर्वी उपाय काढून ठेवलाय. देवाला कौल लावायचा. मूर्तीला कळे किंवा पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. मानकरी गप्प, भाऊबंद गप्प, मंडळी लावणीला मोकळी. देवाला ह्यातलं काही कळत असेल की नाही, हा वेगळा वाद. गावाला वाद थांबवायचं यंत्र मिळालं, हे खरं. फ्रीकॉनॉमिक्सवाल्या स्टीव्हन लेव्हिट ह्यांनी हाच कौल इंटरनेटवर लावला. नोकरी सोडू का, हे नातं तोडू का, अशा पेचात पडलेल्या लोकांसाठी त्यांनी नाणं उडवायची सोय केली. वीस हजारांहून जास्त वेळा ते उडालं. सहा महिन्यांनी विचारलं, तर मोठ्या निर्णयांत ज्यांना नाण्याने ‘बदल कर’ असं सांगितलं होतं, ते ‘आहे तसंच राहू दे’वाल्यांपेक्षा जास्त खूश निघाले. अर्थात नोकरीसाठी अमेरिकेतल्या प्राध्यापकाच्या नाण्यापर्यंत जो गेला, त्याची बॅग अर्धी भरलेलीच असणार. पण उरलेली अर्धी भरायला आपल्याला नाणं लागतं, गुरव लागतो किंवा बायको लागते.

बायकोवरून आठवलं. ह्या सगळ्या संशोधनात एक खोट आहे. मोजलं जातं ते निवडणाऱ्याचं सुख. त्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्यांचा वेळ कुणी मोजत नाही. अजूनवाला माणूस निदान उघडपणे छळतो. साडीच्या दुकानाबाहेर मोटरसायकलला टेकून उभा असलेला नवरा सगळ्या जगाला दिसतो. पुरेवाल्याची गोष्ट वेगळी. तो समाधानी, तो शांत, लग्नात कुठल्याही पंक्तीला बसतो, सगळे म्हणतात, ह्याचं काही नसतं हो. त्याचं काही नसतं कारण त्याचं सगळं दुसरीकडे असतं. ऐका:

“आज भाजी काय करू?”

“काहीही चालेल.”

“दुधी?”

“दुधी नको गं.”

“गवार करू?”

“परवाच झाली ना?”

“मग सांग ना काय करू.”

“अगं, सांगितलं ना, काहीही!”

सायमनचा पुरेवाला हा नव्हे. सायमनच्या माणसाला आपली रेघ माहीत असते. ह्या गृहस्थांचीही आहे, चांगली ठसठशीत आहे, दुधीच्या वर आणि गवारीच्या जरा पुढे. फक्त ती कुठे आहे हे ते सांगत नाहीत. ती समोरच्या बाईने रोज संध्याकाळी अंधारात चाचपून शोधायची, आणि चुकली तर ताटावर बसून नाक मुरडायची मुभा राखीव. ‘दुधी सोडून काहीही’ एवढे तीन शब्द बोलायला कुठल्या शास्त्राचा आधार लागत नाही. पण त्यात एक धोका असतो. आवड सांगितली की जबाबदारी येते. पुढे फ्लॉवर बिघडला तर ‘तूच म्हणालास’ ऐकावं लागतं. ‘काहीही’ म्हणणाऱ्याला आयुष्यात कुणी ‘तूच म्हणालास’ म्हणू शकत नाही. ह्याला तो स्वभाव म्हणतो.

ॲलिसन डॅमिंजर ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी पस्तीस अमेरिकन जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ साली एक निबंध छापला. घरातल्या डोक्याच्या कामाच्या त्यांनी चार पायऱ्या पाडल्या: काहीतरी लागणार आहे हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, त्यांतून ठरवणं आणि ठरलं ते नीट झालं का हे बघणं. त्यांना दिसलं, की पहिली आणि चौथी पायरी बहुतेक घरांत बायकांच्या गळ्यात. तिसरी, ठरवायची पायरी मात्र सगळ्यात समसमान वाटलेली. म्हणजे पाळणाघराची गरज तिला कळते, तीन पाळणाघरं ती हुडकते, आणि उद्घाटनाची फीत कापायला नवरोबा वेळेवर येतात. मग चारचौघांत सांगायला मोकळे: आमच्याकडे सगळे निर्णय आम्ही दोघं मिळून घेतो. खोटं काय आहे त्यात?

बराक ओबामांनी २०१२ साली एका मुलाखतीत सांगितलं होतं, की ते राखाडी किंवा निळेच सूट घालतात. काय खावं, काय घालावं ह्यांत त्यांना डोकं घालवायचं नाही, मोठे निर्णय पुष्कळ असतात. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक स्टार्टअपवाल्याने एकाच रंगाचे टी-शर्ट घेतले. पण व्हाइट हाउसमध्ये काय शिजवायचं हे कुणीतरी ठरवत होतंच की. त्या माणसाला पगार होता. आपल्या टी-शर्टवाल्याच्या घरी तेच काम फुकट होतं, आणि टी-शर्ट धुवायला कधी टाकायचे हेही त्यात आलं.

भारत सरकारची वेळवापर पाहणी २०२४ साली झाली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला त्यात सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. हे ८८ सुद्धा सगळ्या पुरुषांचे नव्हेत. घरात कशाला तरी हात लावणाऱ्या पुरुषांचे. पाहणीत दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करतात आणि एका तुकड्यात अनेक कामं झाली तर दहा मिनिटांच्या आतली धरत नाहीत. आता उद्याच्या डब्याचा विचार सलग दहा मिनिटं कोण करतं? तो आंघोळ करताना दोन मिनिटं, लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसून तीन मिनिटं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये दीड मिनिट, असा दिवसभर ठिबकत असतो. सरकारदरबारी त्याची नोंद आंघोळ, प्रवास आणि नोकरी अशी होते.

हे सगळं एका परिचिताला ऐकवलं. मनाने चांगला माणूस, लगेच पेटला. म्हणाला, पद्धतच लावून टाकतो. रविवारी लॅपटॉप उघडून बसला. सोमवार ते रविवार, सकाळ-रात्र, पालेभाजी एका रंगात, उसळी दुसऱ्या रंगात, प्रथिनांचा वेगळा रकाना. मेथी सोमवारी की गुरुवारी ह्यावर बराच वेळ गेला, कारण सोमवारी उपास असला तर? चार ॲप्स तुलना करून बघितली, एकात मराठी नव्हतं, दुसऱ्यात अळू नव्हतं. संध्याकाळी तक्ता छापून फ्रिजवर चिकटवला. तोवर बायकोने सकाळी आमटी-भात आणि रात्री थालीपीठं करून मागचं आवरलंही होतं.

सोमवारी ऑफिसातून येताना तो स्वतः मंडईत गेला. तक्त्यात मेथी होती. आषाढाचे दिवस, मेथी धड आलेली नव्हती. जी होती ती चिखलात लोळून आलेली आणि सोन्याच्या भावाची. मागे रांग, भाजीवाली ‘बोला दादा, बोला’ म्हणतेय, एका हातात छत्री. त्याने घरी फोन लावला.

“अगं, मेथी नाहीये. काय घेऊ?”

पलीकडून टीव्हीचा आवाज आला, मग उत्तर आलं.

“काहीही चालेल.”